नव्याचे नऊ दिवस? : फुरसतीचा खेळाडू आणि व्हिडिओ गेम कन्सोलचे आयुष्य

प्रस्तावना

कोणत्याही कलेचा किंवा करमणूक-प्रकाराचा विचार करताना 'खरा रसिक कोण?' हा प्रश्न टाळता येत नाही. मराठी समीक्षेने तो काव्याच्या संदर्भात विचारला, नाटकाच्या संदर्भात विचारला आणि लोकप्रिय कादंबरीच्या संदर्भात तर पुनःपुन्हा विचारला. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र आपल्याकडे तो फारसा विचारला जात नाही. व्हिडिओ गेम म्हणजे मुलांचे खूळ, अशी एक समजूत विद्याक्षेत्रात रूढ आहे. त्यामुळे या माध्यमाच्या आत चाललेल्या वादांकडे आपले लक्षच जात नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका वादाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

वाद थोडक्यात असा आहे. २००६ मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'वी' नावाचा कन्सोल बाजारात आणला. हातातले नियंत्रक हवेत हलवले की पडद्यावरची रॅकेट हलते, एवढे त्याचे तंत्र सोपे होते. ज्यांनी पूर्वी कधी गेम खेळला नव्हता अशा गृहिणी, वृद्ध, लहान मुले यांनी तो उचलून धरला. मुरलेल्या खेळाडूंनी आणि व्यवसायाच्या अनेक निरीक्षकांनी तेव्हा एक भाकीत केले : ही मंडळी फुरसतीची आहेत, त्यांची हौस चार दिवसांत फिटेल आणि यंत्र माळ्यावर जाईल. मराठीत सांगायचे तर 'नव्याचे नऊ दिवस'. फुरसतीचा खेळाडू हाच कन्सोलला क्षणिक लाट बनवतो, असा या भाकितामागचा सिद्धान्त होता.

हा सिद्धान्त कितपत टिकतो? तो तपासण्यासाठी येथे तीन प्रकारचे दाखले घेतले आहेत : जागतिक बाजारातील 'वी' आणि तिच्या समकालीन उपकरणांचा, महाराष्ट्रातील शहरांत दीर्घकाळ नांदलेल्या आठ-बिटी कन्सोलचा आणि आपल्या परंपरेतील काही खेळांचा. प्रश्न वरवर बाजाराचा दिसला तरी तो मूल्यमापनाचा आहे. कोणाचे खेळणे 'खरे' मानायचे आणि कोणाचे 'तात्पुरते', हे ठरवण्याचा अधिकार कोणाला, हा त्याचा गाभा आहे.

संज्ञांची निश्चिती

'मुरलेला खेळाडू' आणि 'फुरसतीचा खेळाडू' या दोन संज्ञा येथे वापरल्या आहेत. मुरलेला खेळाडू खेळासाठी वेळ काढतो, तर फुरसतीचा खेळाडू उरलेल्या वेळेत खेळतो. 'हौशी' हा शब्द येथे जाणीवपूर्वक टाळला आहे. मराठीत हौशी या शब्दाला, विशेषतः हौशी रंगभूमीच्या संदर्भात, तालमीची, कष्टाची आणि स्पर्धेची छटा आहे. राज्य नाट्य स्पर्धेसाठी महिनोन्महिने तालीम करणारा कलावंत हौशी असतो, पण त्याला फुरसतीचा म्हणता येणार नाही.

डॅनिश अभ्यासक येस्पर यूल यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ कॅज्युअल रेव्होल्यूशन' या ग्रंथात या भेदाची उपयुक्त मांडणी केली आहे. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, लवचिकता खेळाडूत शोधण्याऐवजी खेळात शोधावी. काही खेळ खेळाडूच्या दिनक्रमाशी जुळवून घेतात, तर काही खेळ खेळाडूनेच आपला दिनक्रम बदलावा अशी अपेक्षा करतात. ही मांडणी स्वीकारली की 'फुरसतीचा' हा माणसाचा स्थायी गुणधर्म राहत नाही, तो एका अवस्थेचे नाव ठरतो. महाविद्यालयात असताना रात्र-रात्र खेळणारा तरुण नोकरी आणि संसार लागल्यावर वीस मिनिटांचा खेळाडू होतो. त्याची आवड तीच असते, फक्त वेळ उरलेला नसतो.

'क्षणिक लाट' या संज्ञेचाही नेमका अर्थ ठरवला पाहिजे. विक्री घटणे म्हणजे लाट ओसरणे नव्हे, कारण प्रत्येक यंत्राची विक्री कधीतरी घटतेच. जी गोष्ट वेगाने पसरते, वेगाने नाहीशी होते आणि मागे कोणताही ठसा ठेवत नाही, तीच लाट. वेग, अल्पायुष्य आणि ठशाचा अभाव या तिन्ही कसोट्या एकत्र लागल्या तरच हा शब्द सार्थ ठरतो.

'वी'चा दाखला : आकडे काय सांगतात?

'वी' नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत आणि डिसेंबर २००६ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली. मार्च २००९ अखेरच्या आर्थिक वर्षात तिची विक्री सुमारे २ कोटी ६० लाख नगांवर पोहोचली. हा तिचा कळस होता. त्यानंतरच्या चार वर्षांत हा आकडा अनुक्रमे सुमारे २ कोटी ५ लाख, १ कोटी ५१ लाख, ९८ लाख आणि ४० लाख असा उतरत गेला. एकूण विक्री १० कोटी १६ लाखांच्या घरात गेली. त्याच पिढीतील सोनीचा प्लेस्टेशन ३ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० यांपैकी कोणीही ९ कोटींपर्यंत पोहोचले नाही.

उतार तीव्र होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु कळसानंतरची दोन वर्षेही कोट्यवधींच्या विक्रीची होती. नऊ दिवसांचे नवेपण एवढे टिकत नाही.

दुसरा आक्षेप असा की, यंत्र घेतले गेले पण वापरले गेले नाही. 'वी'साठी विकल्या गेलेल्या गेमची एकूण संख्या सुमारे ९२ कोटी आहे, म्हणजे यंत्रामागे सरासरी नऊ. बहुतेक देशांत यंत्रासोबतच दिलेला 'वी स्पोर्ट्स' हा गेम (सुमारे ८ कोटी २९ लाख प्रती) वजा केला, तरी ही सरासरी आठाच्या वरच राहते. सरासरी ही सरासरीच असते. काही घरांत वीस गेम आले असतील आणि काही घरांत पहिल्यानंतर दुसरा आलाच नसेल, हे उघड आहे. तरीही यंत्र सार्वत्रिकपणे धूळ खात पडले, या विधानाला हे आकडे आधार देत नाहीत.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्राचा आहे. कन्सोलच्या व्यवसायात अनेकदा यंत्र तोट्यात विकून गेमच्या विक्रीतून तो तोटा भरून काढतात. फुरसतीचा खेळाडू कमी गेम घेतो, म्हणून तो या व्यवसायाला परवडत नाही, असा हा युक्तिवाद आहे. तो प्लेस्टेशन ३ सारख्या महागड्या यंत्राला लागू पडेल. 'वी'ची रचना मात्र वेगळी होती. निन्टेन्डोचे अभिकल्पक गुन्पेई योकोई यांनी, जुन्या आणि म्हणून स्वस्त झालेल्या तंत्राचा नवा उपयोग शोधावा, असा विचार कंपनीत रुजवला होता. योकोई १९९७ मध्ये निवर्तले, पण 'वी' त्याच विचाराचे अपत्य होती. ती तोट्यात विकण्याची गरज नव्हती. दोन गेम घेणारा ग्राहकही तिला चालत होता.

मग 'वी' ओसरली का? यामागे किमान तीन कारणे दिसतात. पहिले, घरोघरी उच्च-स्पष्टतेचे दूरचित्रवाणी संच आले आणि 'वी'चे चित्र त्यांवर धूसर दिसू लागले. जुन्या तंत्राचा जो फायदा २००६ मध्ये होता, तोच २०१० मध्ये तोटा ठरला. दुसरे, कंपनीचे लक्ष पुढच्या यंत्रांकडे वळले आणि नव्या गेमचा ओघ आटला. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे २००७ मध्ये आयफोन आला, २००८ मध्ये त्याचे अ‍ॅप-दुकान उघडले आणि २००९ च्या अखेरीस 'अँग्री बर्ड्स'सारखा गेम आला. उरलेल्या वेळेत खेळणाऱ्याला खिशातच खेळ मिळाला.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. फुरसतीच्या खेळाडूने खेळणे सोडले नाही, फक्त साधन बदलले. त्याची हौस क्षणिक असती तर दूरध्वनीवरील गेमचा एवढा मोठा बाजार उभा राहिलाच नसता. चंचलतेचा ठपका खेळाडूवर ठेवला जातो, परंतु प्रत्यक्षात यंत्रच त्याच्या वेळापत्रकापासून दूर राहिले होते.

२०१२ मध्ये आलेल्या 'वी यू' या पुढच्या यंत्राने ही चूक आणखी वाढवली. हे नवे यंत्र आहे की जुन्या 'वी'चे जोड-उपकरण, हेच अनेक ग्राहकांना कळले नाही. त्याची विक्री १ कोटी ३६ लाखांच्या आसपास थांबली. उलट २०१७ मध्ये आलेल्या 'स्विच'ने खेळाडूला घरी दूरचित्रवाणीवर आणि प्रवासात हातात, असे दोन्ही पर्याय दिले. या यंत्राची विक्री १५ कोटींच्या पुढे गेली. त्याचे सुटे होणारे, हालचाल ओळखणारे नियंत्रक थेट 'वी'च्या वंशातले आहेत. २०१९ मधील व्यायामाचा 'रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर' हा गेम 'वी फिट'ची आठवण करून देतो. ठशाची कसोटी 'वी' निश्चितपणे पार करते.

सिद्धान्त जेथे खरा ठरतो

येथपर्यंतच्या विवेचनावरून विरोधी पक्ष पूर्णपणे चुकीचा आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१० मध्ये एक्सबॉक्स ३६० साठी 'किनेक्ट' हे उपकरण आणले. हातात काहीही न धरता केवळ शरीराच्या हालचालीने खेळायचे, ही त्याची कल्पना होती. पहिल्या ६० दिवसांत त्याचे ८० लाख नग विकले गेले. २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. 'गिटार हीरो' ही प्लास्टिकच्या गिटारवर वाजवण्याची गेममालिका २००५ मध्ये सुरू झाली, तिने काही वर्षे धुमाकूळ घातला आणि २०११ मध्ये तिच्या कंपनीने तो विभाग बंद केला. वेग आणि अल्पायुष्य या दोन्ही कसोट्या येथे लागू पडतात.

परंतु या दोन्ही उदाहरणांत खेळाडूंपेक्षा साधनाच्या स्वरूपाकडे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. दोन्ही साधनांत एकच चमत्कृती होती. चमत्कृती ओळखीची झाल्यावर तिच्या आत शिरण्यासाठी पुरेशी खोली राहिली नाही. 'किनेक्ट'ला मोकळी मोठी खोली लागे, तर 'गिटार हीरो'च्या मालिकेत वर्षभरात इतके भाग निघाले की घरात प्लास्टिकची वाद्ये ठेवायला जागा उरली नाही. 'वी'वर मात्र 'वी स्पोर्ट्स'च्या शेजारी 'सुपर मारिओ गॅलक्सी'सारखा कसदार गेमही होता. आलेल्या पाहुण्याला बसण्यासाठी ओसरी होती आणि राहायचे ठरवलेच तर आत माजघरही होते. क्षणिकता येते ती माजघर नसल्यामुळे. ओसरीवर गर्दी झाली म्हणून ती येत नाही.

आपल्याकडील दाखला : आठ-बिटी कन्सोल

जागतिक बाजारातील या चर्चेला आपल्या शहरांनी एक वेगळेच उत्तर पूर्वीच देऊन ठेवले आहे. निन्टेन्डोचा 'फॅमिकॉम' हा आठ-बिटी कन्सोल जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आला. भारतात 'सामुराई' या नावाने त्याची आवृत्ती विकली गेली आणि त्यामागोमाग 'मीडिया', 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' अशा नावांच्या नकली यंत्रांनी बाजार व्यापला. १९८२ च्या आशियाई स्पर्धांपासून देशात रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली होती. तत्कालीन औरंगाबाद शहरात सिडकोच्या वसाहती वाढत होत्या, १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला होता आणि पगारदार कुटुंबांच्या बैठकीच्या खोलीत दूरचित्रवाणी संच स्थिरावत होता. अशा घरांत परीक्षा संपल्यावर किंवा दिवाळीत हा 'व्हिडिओ गेम' येत असे. 'कन्सोल' हा शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हते. गेमच्या पेटीला 'कॅसेट' म्हणत आणि ती चालली नाही की धातूच्या पट्ट्यांवर फुंकर घालून पुन्हा बसवत.

या यंत्राचे खेळाडू कोण होते? त्यांना गेमविषयक नियतकालिके उपलब्ध नव्हती, नियमपुस्तिका नव्हती आणि कंपनीचे सेवाकेंद्रही नव्हते. सुट्टीत खेळणारी मुले, त्यांच्या शेजारी बसून 'मारिओ'चा एखादा डाव खेळणारे पालक, पाहुणे आलेली आते-मामेभावंडे अशी ही मंडळी होती. व्याख्येनुसार ते सर्व फुरसतीचे खेळाडू होते. सिद्धान्त खरा असता तर हे यंत्र वर्षभरात अस्तंगत व्हायला हवे होते. प्रत्यक्षात मूळ फॅमिकॉमचे उत्पादन जपानमध्ये २००३ मध्ये थांबल्यानंतरही त्याच्या नकला आपल्या बाजारपेठांत विकल्या जात होत्या. दोन दशकांहून अधिक आयुष्य लाभलेल्या या यंत्राला क्षणिक लाट कसे म्हणावे?

या दीर्घायुष्याची कारणे तपासता येतात. यंत्र स्वस्त होते. ते कोणत्याही साध्या दूरचित्रवाणी संचाला जोडता येई. बिघडल्यास गल्लीतला दूरचित्रवाणी दुरुस्त करणारा कारागीर ते उघडू शके. कॅसेटींची अदलाबदल होई, त्यामुळे एकाच्या खरेदीवर अनेकांचा खेळ चाले. एका कॅसेटमध्ये शेकडो-हजारो गेम असल्याचा दावा असे. त्यांतले बहुतेक त्याच त्या गेमची पुनरावृत्ती असत, पण मोजकेच चांगले गेम पुरेसे ठरत. शिवाय गेम कधीही सुरू करावा, कधीही थांबवावा अशी सोय होती. महाराष्ट्रात विशेषतः २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाचे तास ठरलेले असत. वीज जाण्यापूर्वी एखादा डाव उरकता येणे ही मराठवाड्यातल्या खेळाडूची खरी गरज होती. ज्या खेळात प्रगती साठवायला तासभर लागतो, तो येथे रुजणे अवघडच होते.

घरात यंत्र नसलेल्यांसाठी पार्लर होते. तेथे नाण्यावर किंवा तासावर खेळता येई. कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' हा गेम आपल्याकडे त्यातील एका पात्रावरून 'मुस्तफा' या नावाने ओळखला गेला. समीक्षेच्या दृष्टीने ही घटना लहान नाही. ग्राहकाने कृतीचे नाव बदलले, ती आपल्या उच्चारात बसवली आणि मूळ शीर्षक बाजूला पडले. आस्वाद घेणारा कृतीला नवे रूप देतो, हे आपण वर्गात साहित्याच्या संदर्भात शिकवतो. पार्लरमधील मुलांनी ते कोणत्याही सिद्धान्ताशिवाय करून दाखवले.

या यंत्राचा शेवटही बोलका आहे. 'डक हंट'सारख्या गेमसोबत येणारी बंदूक जुन्या फुगीर काचेच्या दूरचित्रवाणी संचावरच चाले. पडद्यावर रेषा उमटण्याच्या वेळेवर तिचे तंत्र अवलंबून होते. सपाट पडद्याचे संच आले आणि बंदूक निकामी झाली. पुढे स्वस्त मोबाइल संच आणि २०१६ नंतरचा स्वस्त डेटा यांनी उरलेला बाजार नेला. आजही पैठण गेट परिसरातील मोबाइल बाजारात फिरले की खेळाचे साधन कोठे सरकले ते दिसते. येथेही कारण खेळाडूच्या मनात न सापडता त्याच्या भोवतीच्या तंत्रव्यवस्थेत सापडते.

या कहाणीची दुसरी बाजू मात्र दुःखद आहे. वीस वर्षे ज्यांनी हे यंत्र जिवंत ठेवले, त्यांच्यासाठी त्यांच्या भाषेत गेम तयार झाले नाहीत. बाजार नकलांचा असल्यामुळे निर्मात्याला मोबदला मिळण्याची शक्यता नव्हती. सोनीने प्रयत्न केला तो उशिरा. प्लेस्टेशन २ साठी २००९ मध्ये 'हनुमान : बॉय वॉरियर' आणि कबड्डी, पतंगबाजी यांसारख्या देशी खेळांवरील 'देसी अड्डा' हे गेम आले. २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सने 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' केला. तोवर प्लेस्टेशन २ चे वय दहा वर्षांच्या आसपास पोहोचले होते आणि त्याचा वारस प्लेस्टेशन ३ भारतात २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना आला होता. एवढी रक्कम फुरसतीसाठी खर्च करणारी कुटुंबे आपल्या शहरात किती असणार? फुरसतीचा खेळाडू येथे निघून गेला नाही. त्याच्या दारापर्यंत कोणी वेळेवर आलेच नाही.

परंपरेतील दाखले : टिकणे म्हणजे काय?

हा प्रश्न व्हिडिओ गेमपुरता मर्यादित नाही. सापशिडीचे मूळ मानल्या जाणाऱ्या मोक्षपटाची परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडली जाते. त्यांचे जन्मगाव आपेगाव आपल्याच जिल्ह्यातील पैठण तालुक्यात आहे. या श्रेयाची ऐतिहासिक सिद्धता हा स्वतंत्र विषय आहे. आपल्या मुद्द्यासाठी एवढेच पुरेसे आहे की, सापशिडीत कौशल्य जवळजवळ लागतच नाही. तिचे खेळाडू सर्वस्वी फुरसतीचे असतात. वर्षातून चार वेळा पट काढला जातो आणि पुन्हा कपाटात जातो. तरीही हा खेळ शतके ओलांडून आला. मंगळागौरीच्या झिम्मा, फुगडी, पिंगा या खेळांचेही तसेच. श्रावणात खेळायचे आणि एरवी विसरायचे, अशीच त्यांची रीत. अधूनमधून खेळणे आणि तात्पुरते खेळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांवरून स्पष्ट होते.

याउलट गंजिफाचा दाखला घ्यावा. दशावतारी गंजिफात १० अवतारांच्या प्रत्येकी १२ अशा १२० गोल पानांचा संच असतो. स्मरणशक्तीची कसोटी पाहणारा हा मुरलेल्यांचा खेळ आहे. सावंतवाडीत १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांच्या पुढाकारामुळे ही पाने रंगवण्याची कला वाचली. कला वाचली, ही अभिमानाची बाब आहे. परंतु आज ती पाने प्रामुख्याने भेटवस्तू म्हणून विकत घेतली जातात आणि त्यांवर डाव मांडणारे विरळ आहेत. ५२ पानांचा साधा जोड घरोघरी आला आणि फुरसतीचा खेळाडू तिकडे वळला. जाणकार उरले तरी, सामान्य माणूस ज्यावर सहज बसेल असा डाव नसेल, तर खेळ संग्रहालयाची वस्तू बनतो. सिद्धान्ताच्या नेमके उलट असे हे चित्र आहे.

'फुरसतीचा' म्हणजे नेमका कोण?

आता मूळ आरोपामागील दृष्टीकडे वळता येईल. 'वी'च्या संदर्भात फुरसतीचे म्हणून ज्यांची नावे घेतली गेली त्यांत स्त्रिया, वृद्ध आणि लहान मुले ठळक होती. 'मुरलेला' म्हणून जो समोर ठेवला गेला तो बहुधा तरुण, पुरुष आणि स्वतःची खोली व स्वतःचा वेळ असलेला होता. दोन कामांमध्ये मिळालेल्या अर्ध्या तासात खेळणाऱ्या गृहिणीचा खेळ कमी अस्सल का मानावा? तिच्याकडे कमतरता वेळेची आहे, रसिकतेची नाही. वेळेची वाटणी घरात आणि समाजात कशी होते, हा प्रश्न येथे 'अभिरुची'च्या नावाखाली झाकला जातो.

मराठी साहित्यव्यवहारात हे आपल्या परिचयाचे आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे वाचक गाडीत, दुपारच्या सुट्टीत, वाचनालयाच्या वर्गणीवर वाचणारे होते. समीक्षेने त्यांना दीर्घकाळ दारातच उभे केले. परंतु मराठीत वाचनाची सवय लावण्यात या 'फुरसतीच्या' वाचकवर्गाचा वाटा होता, हे आज नाकारता येणार नाही. फुरसतीचे वाचन हा पुष्कळदा गंभीर वाचनाचा उंबरठा असतो आणि तो ओलांडला गेला नाही तरी त्याचे स्वतंत्र मूल्य उरते.

याचा अर्थ सर्व गेम सारखेच, असा नाही. फुरसतीच्या खेळाडूला गृहीत धरून काढलेले निकृष्ट गेमही 'वी'वर भरपूर होते. त्यांची समीक्षा कठोरपणेच व्हावी. मात्र ती कृतीची समीक्षा असावी. आस्वादकाच्या सामाजिक स्थानावरून दिलेला निवाडा समीक्षेच्या नावाने खपवता येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) फुरसतीचा खेळाडू कन्सोलला क्षणिक लाट बनवतो, हा सिद्धान्त सर्वसाधारण नियम म्हणून टिकत नाही. 'वी'चा उतार मुख्यतः तंत्रातील बदल, गेमचा आटलेला ओघ आणि मोबाइलचा उदय यांमुळे झाला.

२) एकाच चमत्कृतीवर उभे असलेले साधन लवकर ओसरते. 'किनेक्ट' आणि 'गिटार हीरो' यांबाबत आरोपकर्त्यांचे निरीक्षण बरोबर आहे, मात्र त्यांनी सांगितलेले कारण अपुरे आहे.

३) महाराष्ट्रातील आठ-बिटी कन्सोलचे दीर्घायुष्य दाखवते की, स्वस्तपणा, दुरुस्तीची सोय, अदलाबदल आणि कधीही थांबता येणे हे गुण असतील तर फुरसतीचा खेळाडूच यंत्राचा सर्वांत चिवट आधार ठरतो.

४) 'फुरसतीचा' हे विशेषण अनेकदा वेळेच्या विषम वाटणीवर पांघरूण घालते. समीक्षकाने ते सावधपणे वापरावे.

या चर्चेला आज निकड आली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, गेमिंग आदी क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम 'स्विच'वर आणून येथील निर्माते कोठवर पोहोचू शकतात हे दाखवले आहे. आता गेम येथे तयार होतील, पण ते कोणासाठी असतील? केवळ महागडे यंत्र आणि मोकळी संध्याकाळ असलेल्यांसाठीच ते तयार झाले, तर आठ-बिटी काळातील उपेक्षेचीच पुनरावृत्ती होईल.

महाविद्यालयांना येथे एक काम सहज करता येण्यासारखे आहे. आपल्या विद्यार्थ्यांच्या घरांत, माळ्यांवर आणि आठवणींत हा इतिहास अजून शिल्लक आहे. मराठी, समाजशास्त्र आणि संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन आपापल्या तालुक्यातील पार्लरचालक, दुरुस्ती करणारे कारागीर आणि त्या काळातील खेळाडू यांच्या मुलाखती नोंदवाव्यात, जुन्या कॅसेटी जमवाव्यात आणि लोकांनी गेमना दिलेली नावे टिपून ठेवावीत. यंत्रे गंजतील आणि सांगणारी माणसेही कमी होत जातील. पुढच्या दहा वर्षांत हे काम झाले नाही, तर हे खेळाडू क्षणिक होते असे म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यासाठी आपल्याकडे पुरावाच उरणार नाही.